कॅमेऱ्याला न दिसलेले आकाश

२८ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ॲनिमेशन दिन. १८९२ साली याच दिवशी एमिल रेनो यांनी पॅरिसमध्ये हाताने रंगवलेली चित्रे पडद्यावर हलवून दाखवली. या दिवशी मिकी माऊसची आठवण निघतेच. या कलेने दुसऱ्या महायुद्धात केलेली फौजी नोकरी मात्र सहसा कुणाच्या लक्षात नसते.

अमेरिकी हवाई सेनेने १९४२ मध्ये कल्व्हर सिटीतल्या हाल रोच स्टुडिओत आपले चित्रपट पथकच थाटले. तिथल्या ॲनिमेशन विभागाचे प्रमुख होते रुडॉल्फ आयझिंग. डिस्ने नौदलासाठी हवामानाचे धडे चितारत होता. यासाठी ॲनिमेशनच का? हजारो पोरांना झटपट शिकवायचे होते, हे कारण खरे; पण वैमानिकाचा जीव ज्यावर अवलंबून, ते पुष्कळदा कॅमेऱ्याला दिसतच नाही. शून्याखाली जाऊनही न गोठलेले ढगातले थेंब पंखाला लागताच बर्फ होतात, पंखाचा आकार बिघडतो, विमान तोलून धरणारी उचल घटते. कॅमेरा ढगात नेला तर करड्या धुक्याशिवाय काय हाती लागणार? चित्रकार मात्र पंख उभा कापून दाखवू शकतो, वाहत्या हवेला रेघांचे रूप देऊ शकतो.

विमानातल्या मशीनगनवाल्यांसाठी याच पथकाने १९४४ मध्ये ‘पोझिशन फायरिंग’ काढला. नायक ट्रिगर जो, पक्का धांदरट. शिकवायचे होते ते उफराटेच: अंगावर येणाऱ्या विमानाच्या पुढे नव्हे, ते विमान आणि आपल्या विमानाची शेपटी यांच्या मधे नेम धरायचा. धावत्या लोकलमधून टाकलेली पिशवी फलाटावर पुढे जाऊन पडते, तशी गोळीही आपल्या विमानाच्या वेगाने पुढे ओढली जाते. हे गणित फळ्यावर मांडले असते तर निम्मा वर्ग पेंगला असता. जोची फजिती बघून हसणाऱ्याला आपली चूक कुणी न रागावता उमगते.

नको ते गाळायचे, हवे तेवढेच रेखायचे, यातच ॲनिमेशनची ताकद. पंखाच्या चित्रात ते शोभते. पण डिस्नेने १९४३ मध्ये ‘व्हिक्टरी थ्रू एअर पॉवर’ हा लांब पल्ल्याच्या बॉम्बफेकीचा कैवार घेणारा चित्रपट काढला, तेव्हा शेवटच्या लढाईत जपान झाले ऑक्टोपस आणि अमेरिका गरुड. या बॉम्बखाली मरणारी माणसे कुठेच दिसत नाहीत, ही गोष्ट समीक्षक जेम्स एजी यांना तेव्हाच, युद्ध ऐन भरात असताना, खटकली होती.