मुलांना ‘आणि’च्या पुढे घेऊन चला

सुरतजवळच्या पलसाणा, कडोदरा, चलथाण आणि आसपासच्या गावांत राहणाऱ्या मराठी आईबाबांना, तसंच त्यांच्या मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांना ही विनंती आहे.

आपल्यापैकी कितीतरी कुटुंबं खानदेशातून ताप्ती लाइनच्या रेल्वेने इकडे आली. कुणी डाइंग मिलमध्ये, कुणी लूमवर, कुणी साखर कारखान्यात कामाला लागलं. मुलं इथेच वाढली आणि बरीचशी गुजराती, हिंदी किंवा इंग्रजी शाळेत जाऊ लागली. घरी मराठी किंवा अहिराणी, गल्लीत हिंदी, वर्गात गुजराती. एवढ्या भाषा सांभाळणारं मूल हुशारच असतं. तरी तिसरी-चौथीतल्या अशा मुलाला विचारा, “रविवारी काय केलंस?” उत्तर बहुधा असं येतं: “मी उठलो आणि नाश्ता केला आणि खेळायला गेलो आणि पाऊस आला आणि घरी आलो.”

सगळं सांगितलं, पण काय घडलं ते पुरतं कळलं नाही. पाऊस आला म्हणून तो घरी आला, की खेळून झाल्यावर आला? मुलाला हे ठाऊक असतं. ते बोलण्यात आणायला लागणारा शब्द मात्र त्याच्या तोंडी बसलेला नसतो. पुढे पाचवी-सहावीत ‘कारण द्या’, ‘फरक सांगा’ असे प्रश्न येतात, तेव्हा हीच उणीव नडते. विषय समजलेला असूनही उत्तर अर्धं राहतं.

हे फक्त आपल्याच मुलांचं नाही. न्यूयॉर्कच्या न्यू डॉर्प नावाच्या हायस्कूलमध्ये मुलं नापास का होतात याचा शिक्षकांनी शोध घेतला. तेव्हा दिसलं की मोठ्या वर्गांतल्या अनेकांना दोन विचार जोडणारे साधे शब्दही नीट वापरता येत नव्हते. शाळेने मग बहुतेक विषयांच्या तासाला वाक्यं जोडायला शिकवलं. ते काम पंधरा-सोळाव्या वर्षी करण्यापेक्षा सातव्या-आठव्या वर्षी करणं किती सोपं!

मराठीत समान दर्जाची वाक्यं जोडणारे शब्द चार कामं करतात. ‘आणि’ भर घालतो. ‘किंवा’ निवड देतो. ‘पण’ अपेक्षेच्या उलट काय झालं ते सांगतो. ‘म्हणून’ परिणाम दाखवतो. व्याकरणात यांना समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक आणि परिणामबोधक उभयान्वयी अव्ययं म्हणतात. ही नावं लहान मुलांकडून पाठ करून घेऊ नका. नावं मोठ्या वर्गात येतीलच. आधी कामं ओळखू द्या.

सुरुवात तोंडी करा. जेवताना एक अर्धं वाक्य द्या आणि ते तीन तऱ्हांनी पुरं करून घ्या. “लाइट गेली आणि…”, “लाइट गेली पण…”, “लाइट गेली म्हणून…”. पहिल्याला मूल म्हणेल, “आणि पंखा बंद पडला.” दुसऱ्याला, “पण आम्ही अंधारातही खेळत होतो.” तिसऱ्याला, “म्हणून आईने मेणबत्ती लावली.” पहिला भाग तोच, पण जोडणारा शब्द बदलला की विचाराला वेगळी दिशा मिळते. हे मुलाला स्वतःच्या तोंडून कळलं की नियम सांगायची गरज उरत नाही.

‘पण’वर जरा जास्त वेळ द्या, कारण तो सर्वांत अवघड आहे. “मला आंबा आवडतो पण मला केळं आवडतं” असं मूल म्हणतं, तेव्हा त्यात विरोधच नसतो. चूक काढू नका. विचारा, “आंबा आवडतो म्हटल्यावर मला काय वाटेल? आणि खरं काय आहे?” मग आपसूक येईल, “मला आंबा आवडतो, पण कैरी आवडत नाही.”

निवडीचे शब्दही नीट ऐकवा. प्रश्न विचारताना आपण म्हणतो, “दूध हवं की चहा?” आणि सांगताना म्हणतो, “दूध किंवा चहा, काहीही चालेल.” क्रियापदाकडेही कान असू द्या. “भाऊ आणि बहीण आले,” पण “भाऊ किंवा बहीण आली असेल.” असं रोज कानावर पडलं तर लिहितानाही हात चुकत नाही.

तोंडी वापर रुळला की वही काढा. दोन छोटी वाक्यं द्या, एक करायला सांगा आणि हाच शब्द का निवडलास ते विचारा. मग मुलाचंच ‘आणि-आणि’वालं लिखाण घ्या आणि त्यातले जास्तीचे ‘आणि’ दोघांनी मिळून काढा. मराठीत त्याची छान सोय आहे: “मी घरी आलो आणि हात धुतले आणि जेवलो” याऐवजी “घरी येऊन, हात धुऊन मी जेवलो.” चौथी-पाचवीच्या मुलांना आईबाबा, भाजीभाकरी, पाचसहा, बरंवाईट असे शब्द देऊन आत ‘आणि’ लपलाय की ‘किंवा’, ते शोधायला लावा. मुलं हा खेळ सोडत नाहीत.

शाळा गुजराती आहे म्हणून काळजी करू नका. गुजरातीतही ‘अने’, ‘अथवा’, ‘पण’, ‘एटले’ हीच कामं करतात. घरी मराठीत पक्कं झालेलं वाक्य मुलाला शाळेच्या भाषेत सांगायला लावा. विचार एकदा जुळला की दुसऱ्या भाषेत फक्त शब्द बदलायचा असतो. गुजराती बोलण्यातला ‘ने’ मराठीत येऊन मूल “आई ने बाबा आले” म्हणालं, तर रागावू नका. “हो का, आई आणि बाबा आले?” एवढंच म्हणा. बरोबर वाक्य ऐकूनच भाषा सुधारते. अहिराणीला तर मुळीच हटकू नका. ज्या बोलीत मूल मोकळं बोलतं, त्याच बोलीत त्याला कारण सांगायला लावा.

गुजराती शिक्षकांनाही मी हक्काने हाक मारतो, कारण इथे हा शेजार जुना आहे. 1836 साली ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढे सुरतेत शिक्षक होते आणि 1844 मध्ये दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांनी इथेच मानवधर्मसभा ही समाजसुधारणेची संस्था उभी केली. ताराबाई मोडक भावनगरला जाऊन गिजुभाई बधेकांच्या सोबतीने बालशिक्षणात रमल्या. मुलाला धाक आणि घोकंपट्टीपासून सोडवायचं, हे काम मराठी आणि गुजराती माणसांनी मिळून केलेलं आहे. वर्गात मराठी मूल अडखळलं, तर त्याला आधी घरच्या भाषेत उत्तर देऊ द्या. मग तेच गुजरातीत जुळवायला मदत करा.

पाळीवरून थकून आलेल्या आईबाबांना तासभर शिकवणी जमणार नाही, हे मी जाणतो. दहा मिनिटं पुरतात. त्यासाठी पुस्तक लागत नाही, फी लागत नाही, तुमचं शिक्षण किती झालं तेही आड येत नाही. महिनाभर करून पाहा. पहिल्या आठवड्यात ‘आणि’, दुसऱ्यात ‘किंवा’ व ‘की’, तिसऱ्यात ‘पण’, चौथ्यात ‘म्हणून’. रोज एक अर्धं वाक्य द्या आणि मूल बोलेपर्यंत थांबा. उत्तर तुम्ही पुरं करू नका. “मग काय झालं?” हे आपण विचारतोच. त्याच्या जोडीला “म्हणून काय झालं?” आणि “पण काय राहिलं?” हेही विचारत जा. या दोन प्रश्नांची सवय लागलेलं मूल गणितातली रीत सांगेल, भांडणात आपली बाजू मांडेल, आणि मोठेपणी आपल्या हक्काचा अर्जही कुणाच्या आधाराशिवाय लिहील.