घडविणारी पुस्तके आणि लपविलेली पुस्तके

एखाद्या धर्मग्रामाची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका निघाली की तिच्यात मान्यवरांना एक प्रश्न हमखास विचारला जातो : 'आपल्याला वाचनाची गोडी लावणारी पुस्तके कोणती?' प्रश्न ठराविक आणि उत्तरेही ठराविक. प्रथम पवित्र बायबल, त्यामागोमाग थॉमस अ केम्पिस, मग साने गुरुजींची 'श्यामची आई', लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आणि शेवटी एखादे संतचरित्र. आम्हालाही हा प्रश्न दोनदा विचारण्यात आला आणि दोन्ही वेळा आम्ही थोड्याफार फरकाने हीच यादी लिहून दिली. ती छापून आली, चार लोकांनी वाखाणलीही. ती यादी खोटी होती.

पुस्तके खोटी नव्हती, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. यांतील प्रत्येक पुस्तकाचे आमच्यावर ऋण आहे. 'स्मृतिचित्रे' तर आम्ही आजही वर्षातून एकदा काढतो आणि दर वेळी ज्या पानावर हसू नये त्या पानावर हसतो. परंतु माणसाला घडविणारे पुस्तक वेगळे आणि माणसाला वाचक करणारे पुस्तक वेगळे. पहिले पुस्तक आपण दिवाणखान्यात मांडतो. दुसरे आपण लपवितो. लपविता लपविता आपण इतके निर्ढावलो आहोत की, आपल्या मुलांना वाटते, वाचनाची सुरुवात म्हणे केम्पिसपासून होते! मग ती सुरुवातच करीत नाहीत.

हे सारे आताच का आठवावे? आमच्या धर्मग्राम परिषदेने नुकताच एक ठराव केला. दृढीकरण संस्काराच्या तयारीसाठी येणाऱ्या मुलामुलींसाठी वीस 'योग्य' पुस्तकांची यादी धर्मगुरूंनी करावी आणि धर्मग्रामाच्या वाचनालयातील बाकीची 'किरकोळ' पुस्तके काढून टाकून कपाट मोकळे करावे. ठराव एकमताने झाला. मांडणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता यात आम्हाला शंका नाही. शुद्ध हेतूने केलेले नुकसान भरून काढावयास मात्र फार वर्षे लागतात.

आमची खरी यादी आता द्यावी लागेल. आम्ही पाचवी-सहावीत असताना आमचे मामा वसई रोड स्टेशनाजवळच्या एका टपरीवरून बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आणीत. हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिणारा हा माणूस मराठी साहित्याच्या इतिहासात दोन ओळींत आटोपला जातो. पण झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू ही नावे ज्यांनी कोवळ्या वयात वाचली त्यांना ती आजही दचकवितात. पातळ पुस्तिका, पिवळा पडलेला कागद, शेवटची दोन पाने बहुधा गहाळ. आम्ही त्या बावखलाच्या काठी केळीच्या आडोशाला बसून वाचीत असू. संध्याकाळच्या रोझरीची हाक आली की पुस्तक सदऱ्याखाली जाई, आणि सदऱ्याखालून घरच्या वेदीमागे. आजीचे ठाम मत होते की कादंबरी वाचणाऱ्याचे डोके फिरते. तिच्या दृष्टीने पाहिले तर आमचे फिरलेच!

पुढे मामांची बदली झाली आणि पुस्तिका येणे थांबले. ती भूक काय होती हे शब्दांत सांगणे कठीण आहे. घरात छापील असे दुसरे काही नव्हते. होता तो ताईला शाळेत कोणीतरी वाटलेला नव्या कराराचा छोटा प्रतिग्रंथ. तो कोणत्या पंथाने छापला हे आजीने विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. आम्ही तो उघडला आणि नेमके 'प्रेषितांची कृत्ये' लागले. दमास्कसच्या तटावरून रात्री पाटीत बसवून खाली सोडलेला पौल. तुरुंगात दोन शिपायांच्या मध्ये साखळदंडाने जखडलेला आणि अवचित सुटून आलेला पेत्र. त्याचा आवाज ओळखून आनंदाच्या भरात दार उघडावयाचे विसरून आत धावणारी ती रोदा. पुढे वादळात सापडलेले आणि मिलिता बेटाच्या किनाऱ्यावर फुटलेले गलबत. आम्ही ते एका दमात वाचले, आणि लाजेने नव्हे तर अभिमानाने सांगतो, ते आम्ही अर्नाळकर वाचावे तसेच वाचले. पवित्र शास्त्राशी आमची पहिली ओळख धार्मिक शिक्षणाच्या वर्गात झालेली नाही. ती काळ्यापहाडाने करून दिली.

आमच्यातील काही विद्वान येथे म्हणतील की हा एका फादरचा वैयक्तिक विनोद झाला. तर मग आमच्यापेक्षा थोर माणसांकडे जाऊ.

संत ऑगस्टीनने आपल्या 'कबुलीजबाबा'त बालपणीच्या वाचनाचा हिशोब मांडला आहे. मारून मुटकून शिकविलेले ग्रीक त्याला कडू झाले. होमरसारखा कवीही त्या माराने नासला. लॅटिन मात्र खेळता बोलता आले आणि ते गोड लागले. भाषा शिकावयास धाकापेक्षा मोकळ्या कुतूहलाचे बळ अधिक, असा निष्कर्ष तो स्वतःच काढतो. पुढे वयाच्या १९व्या वर्षी ज्या पुस्तकाने त्याच्या मनाला प्रथम उंचावर नेले, ते सिसेरोचे 'हॉर्टेन्सियस' होते, म्हणजे एका मूर्तिपूजक वकिलाचे पुस्तक. इ.स. ३८६ मध्ये मिलान येथील बागेत 'घे आणि वाच' हा आवाज त्याने ऐकला ती कथा प्रत्येक प्रवचनात येते. पण त्या आवाजाला हात पुढे करून पुस्तक उघडणारा माणूस तोवर पक्का वाचक झालेला होता, हे कोणी सांगत नाही. जो वाचीतच नाही त्याला स्वर्गातून 'वाच' म्हणून सांगितले तरी तो चष्मा सापडत नाही म्हणेल.

संत इग्नेशियस लॉयोलाचे उदाहरण आमच्यावर उलटविण्यात येते, म्हणून त्याचा नीट विचार केला पाहिजे. १५२१ मध्ये पांप्लोना येथे तोफगोळ्याने पाय मोडून तो लॉयोलाच्या गढीत पडून होता. त्याने वेळ घालविण्यासाठी शूर सरदारांच्या अद्भुत कादंबऱ्या मागितल्या. त्या घरात नव्हत्या, म्हणून त्याच्या हाती ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे देण्यात आली. आणि तो संत झाला. 'पाहिलेत? कादंबरी न देता धर्मपुस्तक दिले की असे होते!' हे वाक्य आम्ही सेमिनरीत किमान तीन वेळा ऐकले. परंतु त्याने पुस्तक मागितले का? कारण कादंबऱ्यांनी त्याला पुस्तकाची सवय लावून ठेवली होती. पुढच्याच वर्षी मोन्सेरातच्या मातेच्या वेदीसमोर त्याने शस्त्रे ठेवून रात्रभर जागर केला, आणि असे काही करावे हे त्याच्या मनात कोठून आले? 'आमादिस दे गाउला' आणि तशाच इतर कादंबऱ्यांतून. हे त्याने आपल्या आत्मकथनात प्रामाणिकपणे सांगितले आहे. सरदारी कादंबरीच्या जमिनीत ख्रिस्तसेवेचे बी पडले. जमीनच नसती तर?

अविलाच्या संत तेरेजाची साक्ष आमच्या विरुद्ध जाते हे आम्ही मान्य करतो. तिच्या आईला अशाच कादंबऱ्यांचे वेड होते, मुलीलाही ते लागले आणि वडिलांना आवडत नाही म्हणून दोघी त्यांच्या नकळत वाचीत. मोठेपणी तेरेजाने यासाठी स्वतःला दोष दिला आहे. संतांनी स्वतःला दिलेला दोष आपण अक्षरशः घ्यावा की नाही, हा प्रश्न आध्यात्मिक मार्गदर्शकांसाठी सोडू. आम्हाला दिसते ते इतकेच की लपून कादंबऱ्या वाचणारी ही मुलगी पुढे अशी लेखणी घेऊन उभी राहिली की १९७० मध्ये ख्रिस्तसभेने तिला धर्मपंडिता म्हणून गौरविले.

आणि आपल्या मातीतले पहिले मोठे ख्रिस्ती पुस्तक कसे जन्मले? १६१६ मध्ये राचोल येथे छापलेल्या फादर थॉमस स्टीफन्सच्या 'ख्रिस्तपुराणा'च्या प्रारंभी एका नवख्रिस्ती श्रोत्याचे मागणे आहे. आमची पूर्वीची पुराणे बंद केलीत, मग त्यांच्या जागी मन रमेल असे काही आम्हाला का देत नाही, असा त्याचा आशय आहे. या मागण्यातील वेदना आम्हाला नेहमी टोचते. धर्मशिकवणीची प्रश्नोत्तरे त्या माणसाजवळ होतीच; त्याला कथा हवी होती. त्या इंग्रज धर्मगुरूने त्याला दटावले नाही. योग्य पुस्तकांची यादी दिली नाही. त्याने जवळजवळ अकरा हजार ओव्या लिहून दिल्या, आणि त्याही वाचकाच्या भाषेत, वाचकाला ठाऊक असलेल्या छंदात. चारशे वर्षांनंतर आम्ही त्याचे वारस वाचकाला कपाट मोकळे करून देत आहोत!

कोणी म्हणेल, दोष मोबाईलचा आणि इंग्रजी माध्यमाचा आहे. मोबाईल हा मोठा सोयीचा आरोपी आहे. त्याच्यावर ठपका ठेवला की आईबाप, शिक्षक आणि फादर तिघेही निर्दोष सुटतात. इंग्रजी माध्यमाचा मुद्दा मात्र खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष नेमका उलट आहे. आमच्या वाड्यांतील मुले आज मराठी बोलतात, परंतु वाचताना जोडाक्षरापाशी अडखळतात. दोन ओळींत तीनदा ठेच लागली की पुस्तक मिटते. अशा मुलाला संस्कृतप्रचुर मराठीतील आत्मचिंतन देणे म्हणजे लंगडणाऱ्याला डोंगरावरील तीर्थयात्रेला धाडणे होय. त्याला अशी गोष्ट हवी की, पुढे काय झाले या उत्सुकतेपोटी तो ठेच विसरेल. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे दहा पानांत जे करील ते आमच्या दहा प्रवचनांनी होणार नाही. आम्ही हे प्रवचन देणाऱ्याच्या अधिकाराने म्हणतो.

आता आमचा स्वतःचा गुन्हा. तेरा वर्षांपूर्वी रविवारच्या मिस्सापूर्वी सॅक्रिस्टीत एका वेदीसेवकाच्या झग्याखालून आम्ही नारायण धारपांची एक भयकादंबरी काढून घेतली. वेदीच्या पायरीवर भूतखेत नको, असे काहीसे आम्ही म्हटले. आम्हाला राग आला होता. वेदीमागे स्वतः लपविलेल्या पुस्तिका त्या क्षणी आठवल्या नाहीत. त्याऐवजी आम्ही त्याला एक संतचरित्र दिले. दोन आठवड्यांनी ते त्याने परत केले. पाने इतकी कोरी करकरीत की प्रश्न विचारावयाची गरज राहिली नाही. मुलगा चांगला होता. पुढे शिकला, नोकरीला लागला. गेल्या महिन्यात तो लग्नाची नोंद करावयास आला तेव्हा आम्ही सहज विचारले, "सध्या काय वाचतोस रे?" तो हसून म्हणाला, "फादर, वाचनाची सवयच राहिली नाही बघा." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. बहुधा त्याला ती सकाळ आठवतही नसावी. आम्हाला आठवते.

आम्ही एका वाचकाला त्याच्या पहिल्या पुस्तकाच्या मध्यावर उठविले. त्यातून कोण घडला असता आणि कोण नाही हे परमेश्वर जाणे. पण तो बेत त्याचा होता, आणि आम्ही आमचा त्याच्यावर लादला.

आश्चर्य असे की या बाबतीत रोम आमच्या परिषदेपेक्षा पुढे गेले आहे. १५५९ साली सुरू झालेली निषिद्ध ग्रंथांची सूची १९६६ मध्ये ख्रिस्तसभेने रद्द केली. पोप फ्रान्सिस यांनी १७ जुलै २०२४ रोजी साहित्य आणि जडणघडण या विषयावर एक पत्र लिहिले. मुळात ते धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी होते, पण लिहिता लिहिता त्यांनी ते साऱ्या श्रद्धावंतांसाठी केले. त्यात त्यांनी आपली एक आठवण दिली आहे. १९६४-६५ मध्ये ते सांता फे येथील जेज्विट शाळेत साहित्य शिकवीत. अभ्यासक्रमात जुने 'एल सिद' काव्य होते. मुलांना लोर्का हवा होता. त्यांनी 'एल सिद' घरी वाचावयास सांगितले आणि वर्गात मुलांच्या आवडीचे लेखक घेतले. कोणीतरी आवश्यक ठरविले म्हणून निव्वळ कर्तव्यबुद्धीने वाचणे यासारखे उलट परिणाम करणारे दुसरे काही नाही, असेही त्यांचे मत त्या पत्रात आहे. २१ एप्रिल २०२५ रोजी ते निवर्तले तेव्हा गावोगावी श्रद्धांजली सभा झाल्या. आमच्याही झाली. त्या पत्राचा उल्लेख तेथे कोणी केला नाही; आम्हीही नाही, आणि त्याची आता चुटपुट लागते.

मग काय, वाटेल ते वाचू द्यावे? हा प्रश्न सभेत येणार हे आम्हाला ठाऊक आहे. नाही. बीभत्स ते बीभत्स, द्वेषाचे ते द्वेषाचे. ते आम्ही कपाटात ठेवणार नाही. पण 'किरकोळ' या शब्दाखाली जी पुस्तके बाहेर काढावयाची ठरली आहेत ती आम्ही काल संध्याकाळी स्वतः पाहिली. त्यांत 'किशोर'चे जुने बांधलेले अंक आहेत, 'चांदोबा' आहे, नाथमाधवांचे 'वीरधवल' आहे, कोणाच्या तरी घरातून आलेल्या पाच-सहा रहस्यकथा आहेत. त्यांचे कोपरे दुमडलेले आहेत, पाठीवरचा डिंक सुटला आहे, आत कुठे भजीच्या तेलाचे डाग आहेत. शिफारस होऊ घातलेली पुस्तके शेजारच्या खणात उभी आहेत, अगदी नवी. एकदाही उघडलेली नसावीत.

वीस पुस्तकांची यादी आम्ही अद्याप दिलेली नाही. सचिवांनी दोनदा आठवण केली आहे. येत्या रविवारच्या सभेत आम्ही यादीऐवजी एकच सूचना मांडणार आहोत : कपाटाची किल्ली आमच्या कार्यालयातून काढून बाहेरच्या ओटीवर खिळ्याला टांगावी, आणि कोण काय नेतो याची वही ठेवू नये. पुस्तके हरवतील, असे खजिनदारांचे म्हणणे आहे. हरवू देत. धारपांची ती कादंबरी अजून आमच्या टेबलाच्या खणात आहे. ती मात्र त्या कपाटात जाणार नाही. तिचा मालक पुढच्या महिन्यात बोहल्यावर चढतो आहे आणि तिच्यात शंभराव्या पानाच्या आसपास त्याची खूण तशीच आहे.