नागाची नजरबंदी

खेळ टेबलाभोवती बसून खेळायचा. कागद, पेन्सिल आणि तऱ्हेतऱ्हेचे फासे एवढंच सामान. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतले वीर व्हायचं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला आणि जगभर पसरला. त्यातल्या राक्षसांची माहिती देणारं जाडजूड पुस्तक १९७७ मध्ये आलं. त्यात एक आहे ‘स्पिरिट नागा’. धड सापाचं, तोंड माणसासारखं, वृत्ती महादुष्ट. त्याच्याशी नजरानजर झाली की भल्याभल्या वीराची मती गुंग! मग तो नाग सांगेल तेच करणार.

‘नाग’ हे नाव अर्थातच आपल्याकडून गेलेलं. आणि नजरेनं भुरळ घालणाऱ्या सापाची कल्पना आपल्याला तरी कुठे नवी आहे? नाग डूख धरतो, मारणाऱ्याचं चित्र त्याच्या डोळ्यांत उमटतं, जोडीदार त्याचा सूड घेतो, असं सांगणारी आजी घरोघरी होती. १९७६ च्या हिंदी ‘नागिन’नं तेच पडद्यावर दाखवलं. तीन वर्षांत त्याचा तमिळ अवतार ‘नीया?’ आला आणि कमल हासनचे चाहते इच्छाधारी नागिणीच्या भीतीनं खुर्चीला खिळले.

तमिळ माणसाला मात्र साप फक्त पडद्यावर भेटत नाही. चेन्नईत तो देवळात भेटतो. मैलापूरच्या गजबजाटात मुंडकक्कण्णी अम्मनचं देऊळ आहे. २०१४ मध्ये जवळच लोकल रेल्वेचं स्टेशन झालं, त्यालाही देवीचंच नाव मिळालं. एवढ्या मोठ्या शहरात या देवीच्या गाभाऱ्यावर आजही झावळ्यांचं छप्पर आहे आणि मागे नागाचं स्थान. शहरात अशी नागदेवतेची ठिकाणं बरीच आहेत. तमिळमध्ये वारुळाला म्हणतात ‘पुट्रु’. आडी महिन्यात, म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, बायका पुट्रुला हळदकुंकू लावतात, दूध वाहतात, अंडी ठेवतात. कुणाच्या अंगातही येतं. आपली नागपंचमीही साधारण याच सुमारास येते.

श्रद्धेनं कुणाचं नुकसान होत नाही. नुकसान होतं ते साप खरोखर चावल्यावर.

रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते. तिचे दात बारीक, जखम पुष्कळदा दिसतही नाही, दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते. मग पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते, गिळता येत नाही. हाक मारली तर माणूस उत्तर देत नाही. घरच्यांना वाटतं, याला कशानं तरी धरलं! नागाच्या दंशानंतरही पापण्या अशाच मिटतात.

प्रत्यक्षात गोष्ट नेमकी उलटी असते. नाग आणि मण्यार यांचं विष मनावर ताबा मिळवत नाही. ते मज्जातंतूंकडून स्नायूंकडे जाणारा निरोप अडवतं. सुरुवातीला रोग्याला सगळं ऐकू येत असतं, कळत असतं. फक्त डोळे उघडता येत नाहीत, बोलता येत नाही. मन शाबूत, शरीर बंदिवान! विष पुढे श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचलं की माणूस दगावतो. पण वेळेवर प्रतिविष मिळालं, गरज पडल्यास व्हेंटिलेटर लावला, तर तोच माणूस चालत घरी येतो.

आणि ती नजर? सापाला पापण्याच नसतात. डोळ्यांवर काचेसारखा पारदर्शक खवला असतो. त्यामुळे तो डोळा मिटत नाही आणि आपल्याला वाटतं, हा रोखून बघतोय. चेहरा लक्षात ठेवून सूड घेण्याइतका त्याचा मेंदू विकसित नसतो.

मग मांत्रिकाला गुण कसा येतो? बरेच साप बिनविषारी असतात. विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. असा माणूस मंत्राशिवायही वाचला असता. पण ज्याच्या अंगात खरंच विष भिनलंय, त्याची लाखमोलाची वेळ उतारे टाकण्यात जाते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली असा संशोधकांचा अंदाज आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार!

याचं उत्तरही चेन्नईच्याच वेशीवर आहे. शहरातून समुद्राकाठच्या रस्त्यानं ममल्लपुरमकडे निघालं की वाटेत वडनेम्मेली लागतं. तिथे इरुळा आदिवासींची सहकारी संस्था आहे. इरुळा पिढ्यान्‌पिढ्या साप पकडणारे. पूर्वी कातड्यासाठी पकडत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तो धंदा बसला आणि त्यांच्यावर उपासमारीची पाळी आली. चेन्नईचं सर्पोद्यान उभारणारे रोम्युलस व्हिटेकर यांच्या मदतीनं १९७८ मध्ये ही संस्था निघाली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार साप परवान्यानं पकडायचे, मातीच्या मडक्यांत ठेवायचे, सुमारे तीन आठवड्यांत चार वेळा विष काढायचं आणि पुन्हा रानात सोडायचे, अशी रीत. हे विष अगदी थोड्या प्रमाणात घोड्यांना टोचतात आणि त्यांच्या रक्तातून प्रतिविष तयार होतं.

इरुळांची विद्या इतकी पक्की, की २०१७ मध्ये मासी सडैयन आणि वडिवेल गोपाल या दोघांना अजगर पकडायला थेट अमेरिकेत, फ्लोरिडाला बोलावलं गेलं. २०२३ मध्ये दोघांनाही पद्मश्री मिळाली.

गंमत म्हणजे हेच इरुळा कन्निअम्मा या देवीचे भक्त. नागाशी तिचं नातं मानतात. मासी महिन्याच्या पौर्णिमेला ममल्लपुरमच्या किनाऱ्यावर तिच्या पूजेला जमतात. पूजा वेगळी आणि विषाची बाटली वेगळी, यात त्यांचा कधी गोंधळ होत नाही.

आपणही तेवढंच शिकायचं. साप चावला तर चिरा मारू नये, विष चोखू नये, करकचून दोरी बांधू नये. सापाचा पाठलाग करू नये. अंगठ्या, बांगड्या काढाव्यात, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नये, धीर द्यावा आणि १०८ ला फोन करून तडक सरकारी रुग्णालय गाठावं. पापण्या जड झाल्या असतील तर एक मिनिटही घालवू नये. देवाला नारळ रोगी घरी आल्यावर फोडता येतो.