सडा म्हणजे पोटखराबा नव्हे

शाहूवाडी तालुक्यातील आंबा, विशाळगड परिसरातले जांभ्याचे सडे मे महिन्यात पाहिले तर तापलेल्या काळ्या कातळाशिवाय काही दिसत नाही. सातबाऱ्यावर अशा जमिनीची नोंद अनेकदा ‘पोटखराबा’ अशीच असते. त्याच कातळावर श्रावण-भाद्रपदात गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू अशी वीतभरही उंच नसलेली रोपे फुलतात.

लडाखच्या उंच डोंगरांवर थंडी आणि वाऱ्यापासून बचावासाठी काही वनस्पती उशीसारख्या जमिनीला चिकटून वाढतात. सड्यावरची अडचण वेगळी. माती जेमतेम बोटभर, पावसाळ्यात साचलेले पाणी आणि नंतर कडक कोरड. मातीत नत्र कमी, म्हणून दवबिंदू चिकट केसांवर कीटक पकडतो, तर सीतेची आसवे पाण्यातले सूक्ष्म जीव बारीक पिशव्यांत ओढून घेते.

सह्याद्रीतल्या दुर्मीळ खरपुड्यांचे गणित आणखी नाजूक आहे. कंदिलासारख्या फुलात लहान माश्या काही काळ अडकतात आणि सुटल्यावर पराग दुसऱ्या फुलापर्यंत नेतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव आणि सहकाऱ्यांनी अशा खरपुड्या वनस्पती उद्यानात वाढवून दाखवल्या. हे काम मोलाचे आहे. उद्या एखाद्या कड्यावरची जात संपली, तर कंद आणि बी हाताशी असेल.

मात्र उद्यान हा विमा आहे, घर नव्हे. कुंडीत रोप जगते. त्या माश्या, ते साचलेले पाणी, तो कातळ कुंडीत येत नाही. ‘रोपे बागेत आहेत’ म्हणून सडा बॉक्साइटसाठी खणायला, बाहेरची माती टाकून सपाट करायला किंवा गाड्या फिरवायला मोकळा, हा युक्तिवाद घातक आहे. खणलेल्या जागी झाडे लावता येतील, पण जांभ्याचा तो थर पुन्हा घालता येणार नाही.

उपाय अवघड नाहीत. सड्यावरील कोणत्याही प्रकल्पाची पाहणी उन्हाळ्यात नव्हे, जुलै ते ऑक्टोबरमध्ये व्हावी. जैवविविधता कायदा, 2002 नुसार गावाने करायच्या लोकजैवविविधता नोंदवहीत प्रत्येक सड्याची नोंद असावी. पावसाळ्यात वाहने रस्त्यावरच थांबावीत. फोटोसाठी आत जाणाऱ्यांनीही पाऊल उघड्या कातळावर ठेवावे, फुलांवर नव्हे.