वरून येतो माल

पडद्याचं माप घ्यायचं म्हणून टेप पर्समध्ये टाकला होता. पडदेवाल्याच्या आधी वाटेत सुपरमार्केट लागलं, मासळीच्या काउंटरवर बर्फात पापलेटं मांडलेली दिसली आणि पाय तिकडे वळले. पाटीवर ‘बेबी पापलेट’ आणि खाली पिवळ्या रंगात ‘आजची ऑफर’. एकेक मासा माझ्या तळहातावर मावेल एवढा, आणि माझा तळहात काही पैलवानाचा नाही. टेप आठवला. काउंटरमागच्या मुलाला म्हटलं, “दादा, यातलं एक जरा बाहेर ठेव ना.” तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत सव्वाबारा सेंटीमीटर. दुसरं बारा. तिसरं त्यातल्या त्यात थोराड, तेरा.

मुलगा टेपकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होता.

“काय झालं मॅडम?”

“फारच बारीक आहेत रे ही.”

“बेबीच आहेत ना. काटा मऊ लागतो. पार्टीवाले हीच मागतात, अख्खी तंदूरला जातात.”

“येतात कुठून?”

“वरून येतो माल.”

वरून म्हणजे गोडाऊनमधून. गोडाऊनच्या वर कोण, त्याच्या वर कुठलं बंदर, कुठली बोट, कुठलं जाळं, हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. पॅकेटवरही ते नव्हतं. वजन होतं, किंमत होती, तारीख होती आणि मसाला लावून तळायची कृती होती.

टेपची भानगड अशी. सप्टेंबर 2023 मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. पालघरकडच्या सातपाटीच्या मच्छीमारांनी यासाठी बराच पाठपुरावा केला होता, कारण पापलेटाची आवक कशी आटत गेली ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. त्याच वर्षी नोव्हेंबरात राज्य सरकारने 54 जातींच्या मासळीची किमान मापं ठरवून दिली. पापलेट 135 मिलिमीटर, बोंबील 180, सुरमई 370. यापेक्षा लहान धरायचे नाहीत, कारण अंडी घालायच्या आधीच मासा ताटात आला तर पुढच्या वर्षी ताटात काय येणार? म्हणजे माझ्यासमोरची तिन्ही पापलेटं नापास. राज्यमासा, तोही ऑफरमध्ये.

पण त्यातही गोम आहे. हा माल गुजरातच्या बंदरावर उतरलेला असेल, तर आपल्या सरकारचं माप तिकडच्या बोटीला कसं लागणार? मासा कुठला हेच कळत नसेल, तर तो नियमात बसतो की नाही हे विचारायचं तरी कुणाला?

दुकानाला नावं ठेवून मी कोळणीचे गोडवे गाईन, असं वाटत असेल तर तसं नाही. आमच्या बाजारातल्या मावशींच्या वाट्यातही बारकी पापलेटं असतात. एकदा म्हटलं, “मावशी, एवढी लहान कशाला आणता?” त्यांनी कोयतीवरची नजर न काढता सांगितलं, “जाल्यान आयलं तं आयलं बाय. परत पान्यान टाकलं तं जगनार हाय का?” चूक नव्हतं त्यांचं. जाळ्यातून वर आलेला मासा बहुतेक वेळा मेलेलाच असतो. तेव्हा प्रश्न टोपलीत नसून जाळ्याच्या आसात, म्हणजे भोकांच्या मापात आहे, आणि आस किती बारीक ठेवायचा हे पुढे काय खपतं त्यावर ठरतं. मावशींच्या टोपलीत दहा-बारा वाटे. सुपरमार्केटच्या खरेदी खात्यात बसलेला माणूस मात्र एका फोनवर ‘पन्नास ग्रॅमच्या आतली, इतके किलो, रोज’ असं सांगतो. असं दहा दुकानसाखळ्यांनी सांगितलं की बारक्या पापलेटाचा बाजार उभा राहतो. आधी जो चुकून आलेला माल होता, त्याला आता नाव मिळतं, पाटी मिळते, ऑफर मिळते.

समुद्रावर गस्त घालायला सरकारकडे बोटी किती आणि किनारा केवढा, हे आपण जाणतो. मला वाटतं, खरी गस्त गोडाऊनच्या दारात घालता येईल. ट्रक आला की मापाची पट्टी घेऊन एक माणूस उभा राहील, 54 मापांचा तक्ता भिंतीवर असेल आणि त्याहून लहान माल परत जाईल. पुरवठादाराला हे दोनदा घडलं की तिसऱ्यांदा तो बंदरावरच निवडून घेईल, आणि दलालाने बारकं उचललं नाही तर बोटीवरचा तांडेलही आसाचा विचार करील. खर्च म्हणाल तर एका फूटपट्टीचा आणि थोड्या वाईटपणाचा.

हे आपल्याकडे जमणार नाही म्हणणाऱ्यांनी जरा निर्यातीकडे बघावं. युरोपात 2010 पासून समुद्रातल्या मासळीच्या मालाबरोबर तो कुठे, कोणत्या बोटीने धरला याचा दाखला द्यावा लागतो. तिथल्या काउंटरवर ताज्या मासळीच्या पाटीवर मासा समुद्रातला की शेतीतला, कुठल्या समुद्रातला, कुठल्या प्रकारच्या जाळ्याने धरलेला, हे लिहिणं सक्तीचं आहे. आपल्या ट्रॉलरच्या जाळ्यांत कासवं सुटून जायची सोय नाही म्हणून अमेरिकेने 2019 पासून आपली समुद्रातली कोळंबी घेणं थांबवलं, तेव्हा त्या सोयीच्या जाळ्यांसाठी इथे धावपळ झाली. केरळच्या अष्टमुडी खाडीत तिसऱ्यांच्या जातकुळीतल्या शिंपल्या मिळतात. परदेशी मागणीपायी त्या उपसून उपसून संपत आल्यावर तिथल्या लोकांनी डिसेंबर ते फेब्रुवारी बंदी पाळायला सुरुवात केली, जाळ्याचा आस 30 मिलिमीटरच्या खाली न्यायचा नाही असं ठरवलं. 2014 मध्ये त्यांना शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलंच. म्हणजे परक्या गिऱ्हाइकाने विचारलं की आपल्याला सगळं जमतं. घरच्या गिऱ्हाइकाला ‘वरून येतो’ चालतं, कारण घरचं गिऱ्हाईक विचारत नाही.

आणि हो, ‘शेतीतला मासा घ्या, समुद्र वाचेल’ हे इतकं सरळ नाही. तळ्यातल्या कोळंबीच्या खाद्यात फिशमील असतं आणि फिशमीलच्या कारखान्यात जाते ती समुद्रातलीच बारकी मासळी. दुकानदाराने तिथेही दोन प्रश्न विचारायला हवेत.

आता दुसरं दुखणं. कुठल्याही महिन्यात जा, काउंटरवर तीच चौकडी: पापलेट, सुरमई, रावस, कोळंबी. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटी बंद असतात. पूर्व किनाऱ्यावर 15 एप्रिल ते 14 जून. म्हणजे जूनचा पहिला पंधरवडा देशाचे दोन्ही किनारे बंद. त्या दिवसांतही बर्फावर सुरमईचे तुकडे हजर! ते गोठवलेल्या साठ्यातले असतील, त्यात गैर काही नाही. पण ‘फ्रोझन’ लिहायला कशाची लाज? आमच्या सासूबाई जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत सुकट, सोडे आणि वाळवलेले बोंबील यांच्यावर घर चालवायच्या, आणि ताज्या मासळीची आठवण काढली तर ‘समुद्रालाही बाळंतपण असतं’ म्हणायच्या. एखाद्या सुपरमार्केटने जुलैत मासळीच्या काउंटरवर बर्फाच्या जागी चांगलं स्वच्छ सुकं मांडलं, तर मी तिथे रांग लावीन.

एरवीही त्या चौकडीला सुट्टी द्यायला काय हरकत आहे? मांदेली आहेत, तारली आहेत, ढोमी आहेत, राणी मासा आहे. लोक पापलेट का घेतात? चवीसाठी म्हणू नका. काटा कमी आणि साफ करायला सोपं म्हणून घेतात. किलोभर मांदेली साफ करायला मला पाऊण तास लागतो. डोकी मोडा, पोटं काढा, शेवटी हाताला जो वास राहतो तो वेगळाच. नोकरीवरून सात वाजता घरी येणारी बाई हे करणार नाही आणि तिने करावं असं मी म्हणणारही नाही. सुपरमार्केटकडे मात्र माणसं आहेत, नळ आहे, सुऱ्या आहेत. तीच मांदेली साफ करून पावकिलोच्या डब्यात ठेवा, वर हळद-मीठ-आगळ लावून हवी का विचारा, आणि बघा खपते की नाही. बोंबील चिरून दाबून, पाणी काढून द्या. समुद्र वाचवायच्या गप्पांत साफसफाईचा हा मुद्दा कुणी काढत नाही, पण गिऱ्हाईक अडतं ते तिथेच.

घरी येऊन मी त्या दुकानाच्या ग्राहकसेवेला मापांसकट सविस्तर लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: मासळी ताजी नसल्यास बिल दाखवून पैसे परत मिळतील. ताजी होती हो, त्याबद्दल तक्रारच नव्हती.

पुढच्या बुधवारी पुन्हा गेले. मुलाने लांबूनच ओळखलं.

“मॅडम, आज मोठी आहेत. मोजा.”

मोजलं. एकोणीस सेंटीमीटर. दोन घेतली. तो साफ करत होता तेव्हा म्हटलं, “मांदेली का रे ठेवत नाही तुम्ही?”

“मी सांगितलेलं एकदा,” सुरी धुता धुता तो म्हणाला. “मी रेवदंड्याचा. आमच्याकडे घरी तीच खातात. पण साहेब बोलले, लिस्टमध्ये कोडच नाही तिचा. कोड नसला की बिल निघत नाही.”