‘दिवसाची लाईट’ मराठीच आहे

नेवासा तालुक्याच्या ऊसपट्ट्यात ‘या आठवड्यात लाईट कधीची?’ असं विचारलं, तर उत्तर येतं ‘रात्रीची’ किंवा ‘दिवसाची’. शेतीपंपांना थ्री फेज पुरवठा आळीपाळीने मिळतो. रात्रीची पाळी आली की बिबट्याची धास्ती घेऊन पाणी भरायला जावं लागतं. ‘आम्हाला दिवसाची लाईट द्या’ ही मागणी त्यातूनच आली. इंग्रजी जाणणाऱ्याला ती गमतीची वाटेल, कारण इंग्रजीत ‘डेलाईट’ म्हणजे सूर्यप्रकाश, आणि तो महावितरणकडे मागावा लागत नाही. शेतकऱ्याच्या तोंडी मात्र हा शब्द अगदी नेमका आहे. त्याला दिवा नको, उजेड नको, मोटर चालेल एवढी वीज हवी आहे. हा अर्थ इंग्रजीने दिलेला नाही, तो मराठी माणसाने घडवला. म्हणून ‘लाईट’ला उसना म्हणून दाराबाहेर उभं न करता मराठी कोशात रीतसर जागा द्यायला हवी.

खुद्द इंग्रजीत हा शब्द सरळ नाही. प्रकाश या अर्थाचा ‘लाईट’ आणि वजनाला हलका या अर्थाचा ‘लाईट’ हे मुळात दोन वेगळे शब्द, काळाच्या ओघात उच्चारात आणि लेखनात एक झालेले. पहिल्याचं मूळ संस्कृतातल्या ‘रुच्’ धातूशी जुळतं. रुची, रोचक, सोन्यासाठीचा ‘रुक्म’ आणि त्यावरून आलेली रुक्मिणी हे सगळं त्याच प्रकाशाचं गणगोत. दुसऱ्याचा नातेवाईक आपला ‘लघु’. या लघूपासून प्राकृतात अक्षरांची अदलाबदल होऊन ‘हलका’ तयार झाला. त्याच मुळातून इंग्रजीत फुप्फुसाला ‘लंग’ हे नाव मिळालं, कारण हा अवयव वजनाला हलका. वाहनातून उतरणं या अर्थाचं ‘अलाईट’ही ओझं हलकं करण्यातूनच आलं. एवढं सगळं पोटात घेऊन हा शब्द इंग्रजीत सुखाने नांदतो, आणि त्याबद्दल कोणी इंग्रजीला भ्रष्ट म्हणत नाही.

मराठीत आल्यावर त्याने आणखी अर्थ घेतले. लाईट जाते, येते, लाईट लावतात, लाईट बिल भरतात, लाईट रंगाची साडी घेतात, रात्री लाईट जेवतात आणि कोणी बोललं तर ‘लाईट घे’ म्हणून समजूत घालतात. यातलं ‘लाईट गेली’ बारकाईने पाहण्यासारखं आहे. इंग्रजीत या शब्दाला व्याकरणाचं लिंग नाही. मराठीने त्याला स्त्रीलिंग दिलं, बहुधा ‘वीज’ स्त्रीलिंगी आहे म्हणून. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बोलीने कामाची वाटणी केली. ‘वीज पडली’ ही आभाळातली आणि ‘लाईट गेली’ ही तारेतली. पावसाळ्याच्या तोंडावर दोन्ही एकाच संध्याकाळी घडतात, तेव्हा ही वाटणी उपयोगी पडते. ज्या शब्दाने भाषेची नेमकेपणाची सोय वाढवली, त्याला घुसखोर कसं म्हणायचं?

यावर पहिला आक्षेप येतो तो भाषाशुद्धीचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शिवाजी महाराजांनी दरबारी भाषेतल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला. त्या काळात प्रधानांची नावंही बदलली : सुरनीस ‘सचिव’ झाला, वाकनीस ‘मंत्री’. हे दोन्ही शब्द आज मंत्रालयात रोज वापरले जातात. सावरकरांचा ‘महापौर’ही रुळला. पण प्रधानांच्या त्या यादीतला मुख्य प्रधान लोकांच्या तोंडी ‘पेशवा’च राहिला, आणि कागद, वकील, हुकूम, जमीन आजही जागचे हललेले नाहीत. यातून एक गोष्ट कळते. पद, संस्था, कायदा यांची नावं शासन ठरवू शकतं. घरातल्या आणि शेतातल्या वस्तूंची नावं वापरणाराच ठरवतो. तेव्हा बिलावर आणि कायद्यात ‘वीज’ जरूर राहू द्या. शेताच्या बांधावर ‘लाईट’ राहिली म्हणून काही बिघडत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : असे शब्द स्वीकारत गेलो तर ‘मी थिंक करतो’ही उद्या मराठी ठरेल. इथे कसोटी लावावी लागते. आलेल्या शब्दाने मराठीचं लिंग आणि प्रत्यय घेतले आहेत का, मूळ भाषेत नसलेला अर्थ कमावला आहे का, आणि चालत्या मराठी शब्दाला हाकलून न देता तो स्वतःचं काम करतो आहे का? ‘लाईट’ तिन्हींत उतरते. ‘थिंक’ एकाही कसोटीला उतरत नाही. तो ‘विचार’ची जागा फुकट अडवतो. एका शब्दाचे इतके अर्थ झाले की घोटाळा होईल, ही भीतीही फोल आहे. भूक लागते, आग लागते, पैसे लागतात, घाटात गाडी लागते. ‘लागणे’ने आजवर कोणाला गोंधळात पाडलेलं नाही. अर्थ वाक्यात ठरतो.

नेवासा हे मराठीच्या अभिमानाचं गाव. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ इथेच लोकांच्या भाषेत आणला. ज्या खांबाला टेकून ते बसले अशी श्रद्धा आहे, तो पैस खांब पाहायला आजही लोक येतात. ‘पैस’ म्हणजे विस्तार, ऐसपैस जागा. दुर्गाबाई भागवतांनी आपल्या लेखसंग्रहाला हेच नाव दिलं. रोजच्या बोलण्यातून मात्र ‘ऐसपैस’ वगळता तो शब्द जवळजवळ गेला. जुन्या शब्दांपुढे हात जोडायचे आणि त्याच गावात चालणाऱ्या नव्या शब्दांची नोंदही घ्यायची नाही, ही लोकभाषेची कदर नव्हे.

मोल्सवर्थने १८३१ च्या कोशात अरबी, फारसी, हिंदुस्थानी मूळ दाखवून शब्द घेतले. १९३२ पासून निघालेल्या महाराष्ट्र शब्दकोशाने बोलींनाही जागा दिली. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात ठरली आणि रिद्धपूरला मराठी विद्यापीठही उभं राहिलं. आता तालुक्या-तालुक्यातून बोलते शब्द गोळा करणारा, सतत सुधारला जाणारा कोश हाती घ्यावा. त्यात ‘लाईट’ची नोंद स्त्रीलिंगी असावी, मूळ इंग्रजी दाखवावं, आणि उदाहरण म्हणून ‘दिवसाची लाईट द्या’ हे वाक्य छापावं.