प्रमाणपत्राची किंमत आणि कमाई

स्मरणिकेत यशोगाथा छापण्याचा प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. तथापि हा लेख लिहावयास बसताना आमच्यासमोर एका माजी विद्यार्थिनीने आणून दाखविलेला हिशेबाचा कागद आहे. तिचे आईवडील ऊसतोड कामगार. बारावीनंतर तिने जिल्ह्याच्या ठिकाणी एका खासगी संस्थेतून दंत साहाय्यकाचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण केला. शुल्क 45,000 रुपये. तेही मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून भरलेले. पुढे तालुक्याच्या एका दवाखान्यात तिला दरमहा 7,500 रुपयांवर काम मिळाले. तिच्या शेजारी उभी राहून तेच काम करणाऱ्या, कसलेही प्रमाणपत्र नसलेल्या मुलीस 7,000 रुपये मिळतात. फरक दरमहा 500 रुपयांचा, म्हणजे वर्षाला 6,000 रुपयांचा. केवळ शुल्क भरून निघावयास साडेसात वर्षे! "सर, गणित बरोबर आहे ना?" तिने विचारले. गणित बरोबर होते. मात्र ते प्रवेशाआधी मांडावयास हवे होते, आणि तसे मांडावयास आम्ही तिला शिकवावयास हवे होते.

प्रथमच स्पष्ट करतो की, या कामास आम्ही कमी लेखीत नाही. दंतवैद्याच्या खुर्चीशेजारी उभे राहून लाळ व रक्त ओढून घेणारी नळी नेमक्या जागी धरणे, सिमेंट योग्य प्रमाणात व योग्य वेळेत कालविणे, दाताच्या मापाचे साहित्य घट्ट होण्याआधी हाती देणे, भेदरलेल्या रुग्णास धीर देणे, ही सारी कौशल्याची कामे आहेत. ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंश सेल्सिअस तापमानाच्या वाफेवर उपकरणे निर्जंतुक करणे ही तर रुग्णाच्या जिवाशी निगडित जबाबदारी आहे. प्रश्न कामाच्या प्रतिष्ठेचा नाही. त्या कामासाठी विकल्या जाणाऱ्या कागदाच्या किमतीचा आहे.

येथे कायद्याचा इतिहास उपयोगी पडतो. 1948 च्या दंतवैद्यक कायद्याने दंतवैद्य, डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक अशा तीन वर्गांच्या नोंदणीची व्यवस्था केली. दंत साहाय्यकाची स्वतंत्र नोंदवही त्या कायद्यात नव्हती. परिणामी खासगी दवाखान्यात दंतवैद्य एखाद्या होतकरू मुलीस स्वतः शिकवून कामास ठेवतो, आणि तशी पद्धतच पडली आहे. जे काम प्रमाणपत्राविना मिळू शकते, त्यासाठी घेतलेल्या प्रमाणपत्राचे मोल मालकाच्या मर्जीवर ठरते. 2023 साली संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा केला. म्हणून प्रवेशापूर्वी संस्थेस पहिला प्रश्न हाच विचारावा : हा अभ्यासक्रम कोणत्या मंडळाच्या मान्यतेने चालतो, आणि तो पूर्ण केल्यावर आमचे नाव कोणत्या नोंदवहीत लागेल?

आता हिशेब मांडू. आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपले आकडे त्या जागी घालावेत. शुल्क 45,000. शहरात राहण्याजेवण्याचा घरखर्चाहून अधिकचा भार दरमहा 4,000 धरल्यास वर्षाचे 48,000. गणवेश, पुस्तके, परीक्षा शुल्क, प्रवास आणि हिपॅटायटिस बी लसीच्या तीन मात्रा मिळून 7,000. एकूण एक लाख झाले. परंतु बहुतेक पालक येथेच थांबतात. त्याच वर्षी ती मुलगी घरी राहून तालुक्याच्या दवाखान्यात 6,000 रुपयांवर शिकू लागली असती, तर 72,000 रुपये घरात आले असते. ते न आलेले पैसेही खर्चच होत. एकूण किंमत 1,72,000 रुपये. प्रमाणपत्रामुळे पगार दरमहा 3,000 रुपयांनी वाढला तर ही रक्कम भरून निघावयास सुमारे पावणेपाच वर्षे लागतील. 6,000 रुपयांनी वाढला तर अडीच वर्षांच्या आत भरून निघेल. उचलीचा बोजा यात धरलेलाच नाही. तात्पर्य, केवळ शुल्क किती हे विचारून भागत नाही. प्रमाणपत्र असलेल्या आणि नसलेल्या कामगाराच्या पगारात फरक किती, हे विचारावे लागते. आणि ते संस्थेच्या जाहिरातीत सापडत नाही. गावातील चार दवाखान्यांची पायरी चढूनच कळते.

आणखी एक गोष्ट पालकांच्या ध्यानी येत नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांसाठीच आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठीच्या स्वाधार योजनेतही अभ्यासक्रम दोन वर्षांपेक्षा कमी मुदतीचा नसावा अशी अट आहे. म्हणजे जवळचा वाटणारा एक वर्षाचा रस्ता स्वतःच्या खिशातून चालावा लागतो, आणि लांबच्या रस्त्यावर शासनाचा हात मिळू शकतो. बारावीस विज्ञान शाखा असेल तर हायजिनिस्ट वा मेकॅनिक यांच्या दोन वर्षांच्या पदविकेची चौकशी आधी करावी. तेथेही नोकऱ्यांचा सुकाळ नाही. बहुतेक दंतवैद्य दात स्वच्छ करण्याचे काम स्वतःच करतात. परंतु नोंदणी हाती असते, आणि मेकॅनिकला कवळ्या व कृत्रिम दात तयार करण्याचा स्वतंत्र व्यवसाय शिकावयास मिळतो.

काही सहकारी म्हणतात, "मुलगी पांढरा कोट घालून उभी राहते, कोयता सुटतो, हे काय कमी आहे?" हे कमी नाही, हे आम्ही जाणतो. परंतु मुलीच्या हातचा कोयता सोडविताना आईवडिलांच्या हाती तो आणखी एक हंगाम राहत असेल, तर कोयता सुटला असे म्हणता येत नाही.

पगाराविषयीही मौन नको. 1946 साली मजूर मंत्री असताना बाबासाहेबांनी मध्यवर्ती कायदेमंडळात किमान वेतनाचे विधेयक मांडले आणि 1948 साली त्याचा कायदा झाला. दवाखान्यात काम करणाऱ्यांसही किमान वेतनाचा हक्क आहे. आमच्या मुलींना प्रमाणपत्रासोबत हे ज्ञानही मिळाले पाहिजे, आणि नेमणुकीचे पत्र लेखी मागण्याचे धैर्यही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, दहावी-बारावीच्या वर्गात दरवर्षी एक तास अशा हिशेबासाठी राखावा, आणि त्यास पालकांस बोलवावे. ज्या मुलीस मान्यताप्राप्त संस्था, परवडणारे शुल्क आणि पगारातील ठोस फरक दिसतो, तिने निःशंकपणे हा अभ्यासक्रम करावा. जिला ते दिसत नाही, तिने आधी सहा महिने दवाखान्यात काम करून पाहावे. शिकण्याची वाट त्यामुळे बंद होत नाही. आमच्या त्या माजी विद्यार्थिनीने आपला कागद या तासासाठी आम्हांकडेच ठेवला आहे. आता तो फळ्यावर मांडणे हे आमचे काम.